जपानच्या शाळेत शिकवायला जाणाऱ्यांसाठी : रोजच्या बारीकसारीक गोष्टींचा धागा

सह्यकडा (धागाकर्ता)

मार्च आणि जुलै जवळ आले की व्यक्तिगत निरोपांत तेच प्रश्न येतात. सोबत काय न्यायचं, बँकेत खातं का उघडत नाहीत, शाळेत शाकाहाराचं काय. सुटी सुटी उत्तरं विखुरण्यापेक्षा ती एका जागी असावीत म्हणून हा धागा.

विषय एवढाच: जपानच्या सरकारी प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक (तिथे सगळे 'एएलटी' म्हणतात) म्हणून काम करणाऱ्यांचं रोजचं जगणं. १९८७ पासून चालू असलेल्या, जपान सरकारच्या जेट कार्यक्रमातून जाणारे जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये पोचतात. खाजगी कंपन्यांमार्फत जाणारे बहुतेक एप्रिलच्या सत्रारंभाला रुजू होतात. दोघांच्या करारात फरक आहे, शाळेतला दिवस मात्र जवळपास सारखाच.

एक विनंती. अनुभव सांगायला वेगळा धागा काढू. इथे कृती, मापं, मुदती, आणि काय चुकतं व का चुकतं एवढंच लिहा.

सुरुवात करतो पहिल्या १४ दिवसांपासून, कारण इथला क्रम चुकला की पुढचं सगळं अडतं.

नारिता, हानेदा, कान्साइ अशा मोठ्या विमानतळांवर उतरताच निवासपत्र (जाइऱ्यू कार्ड) हातात मिळतं. त्याच्या मागे पत्त्याची जागा कोरी असते. राहायच्या जागी स्थिरावल्यापासून १४ दिवसांत नगर कार्यालयात (शहरात शियाकुशो, लहान गावात याकुबा) जाऊन तो पत्ता लिहून घ्यायचा. त्याच खेपेला जूमिनह्यो, म्हणजे रहिवासी नोंदीचा उतारा, दोन-तीन प्रतींत घ्या. मग फोन, मग बँक. बँक फोन नंबर मागते आणि फोनवाले बँक खातं मागतात, हा फास सुटतो तो आधी क्रेडिट कार्डावर किंवा दुकानात रोख भरून चालणारं आवाजी सिम घेतल्याने. नुसतं डेटा सिम घेऊ नका, त्याला बँकेत लिहिता येईल असा नंबर नसतो.

बँकेत 'सहा महिने झाले नाहीत' असं उत्तर हमखास मिळतं. परकीय चलन कायद्यात जपानमधल्या कार्यालयात नोकरी करणारा परदेशी माणूस पहिल्या दिवसापासून निवासी धरला जातो. त्यामुळे नेमणूकपत्र किंवा करार सोबत न्या आणि तोच आधी पुढे करा. तरी प्रत्येक शाखा ऐकेल असं नाही. पगार ज्या बँकेत जमा होतो तिथे शाळेच्या किंवा शिक्षण मंडळाच्या माणसासोबत जाणं सगळ्यात सोपं.


प्राजक्त

धागा फार गरजेचा होता. मी त्याच्याही आधीची पायरी लिहिते, कारण तिथे महाराष्ट्रातले उमेदवार जास्त अडकतात.

शाळेत परकी भाषा शिकवण्याच्या 'शिक्षक' व्हिसासाठी त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झाल्याचा पुरावा लागतो. इंग्रजी उत्तम असणं वेगळं आणि इंग्रजी माध्यम असणं वेगळं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीपासून एम.ए.पर्यंत इंग्रजी, असा हिशेब केला तर सातच वर्षं भरतात. सेमी-इंग्रजीवाल्यांचा दाखला तर सरळ 'मराठी माध्यम' म्हणतो.

ज्यांचं माध्यम इंग्रजी होतं त्यांनी प्रत्येक शाळेकडून वेगळं पत्र घ्यावं: कोणत्या इयत्तेपासून कोणत्या इयत्तेपर्यंत, कोणत्या साली, माध्यम कोणतं. नेहमीच्या बोनाफाईडवर माध्यम बहुधा लिहिलेलं नसतं. शाळेचं नाव बदललं असेल किंवा शाळा बंद पडली असेल तर शिक्षणाधिकारी कार्यालयातून दाखला काढायला बराच वेळ जातो. हे काम अर्ज करण्याच्या आधी, निवांत असताना उरका.

औषधांचंही इथेच सांगते. स्वतःपुरती डॉक्टरी चिठ्ठीची औषधं एक महिन्याची विनापरवाना नेता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर आधी आयात-मंजुरीचं पत्र (युन्यू काकुनिन्शो) काढावं लागतं. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर त्या नेताच येत नाहीत. घरातल्या औषधांच्या डब्यातली प्रत्येक पट्टी उलटून घटक वाचा. ताजा कढीपत्ता रोगमुक्तीच्या सरकारी दाखल्याशिवाय आत जात नाही, वाळवलेला न्या.


गोदाकाठ

नाव कसं लिहायचं? पासपोर्टवर माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं आहे. जपानी फॉर्मात चौकोन पुरणार का?


प्राजक्त

गोदाकाठ, हा अगदी मराठी प्रश्न आहे आणि महत्त्वाचा आहे. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं नाव 'दिलेल्या नावा'तच येतं. निवासपत्रावर ते रोमन लिपीत तसंच्या तसं उतरतं. पण बँक, पगार, विमा हे सगळं चालतं काताकानावर (परकी नावं-शब्द लिहायची जपानी लिपी), आणि तुमचं नाव काताकानात कसं लिहायचं हे कुठेच ठरलेलं नसतं. ते तुम्ही ठरवायचं असतं.

'देशपांडे' हे 'देशुपांदे' होऊ शकतं किंवा 'देशिपांदे'. 'पाटील' होतो 'पातिरु', त्यात 'पा' लांबवायचा की नाही हा आणखी एक फाटा. 'कुलकर्णी' म्हणजे 'कुरुकारुनि'. त्यांच्याकडे ळ, ण, ट नाहीत, त्यामुळे पर्याय निघतातच.

पगाराची रक्कम खात्यावरच्या काताकाना नावाशी जुळली तरच जमा होते. एक लांब स्वराची रेघ किंवा नावांमधली एक मोकळी जागा वेगळी असली तरी पैसे परत फिरतात. म्हणून:

निघण्याआधीच एक रूप ठरवा आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. नगर कार्यालयात नोंद करताना हेच रूप नोंदवायला सांगा. बँकेत चौकोन कमी पडले तर ते वडिलांचं नाव कापतात. मग पासबुकाच्या पहिल्या पानावर जे छापलं गेलं तेच प्रमाण धरायचं. त्या पानाचा फोटो शाळेच्या कचेरीतल्या बाईंना किंवा भाऊंना (जिमु-सान) द्या, तोंडी सांगू नका.

आणि घराच्या टपालपेटीवर काताकानात नाव चिकटवा. नाव नसेल तर टपाल परत जातं. 'माय नंबर'चा १२ अंकी क्रमांक कळवणारं पत्र आणि बँकेचं कार्ड दोन्ही टपालानेच येतात. घरी नसाल तर पोस्टमन चिठ्ठी टाकून जातो, पाकीट पोस्टात ७ दिवस राहतं, तेवढ्यात पुन्हा वाटपाची वेळ ठरवून घ्यायची.


उत्तरेचा_वारा

स्वयंपाकघराबद्दल लिहितो. यात गफलत झाली तर नुसती गैरसोय होत नाही, धोका असतो.

जपानमध्ये घरगुती गॅस दोन जातींचा: शहरात नळाने येणारा 'तोशि गास' आणि गावाकडे सिलिंडरचा 'पुरोपान'. पुरोपानमधली उष्णता घनमीटरमागे शहरी गॅसच्या दुपटीहून जास्त. शेगड्या वेगवेगळ्या असतात आणि अदलाबदल चालत नाही. शहरी गॅसची शेगडी पुरोपानवर लावली तर जाळ भडकतो. उलट केलं तर ज्योत मिणमिणते. शेगडीच्या बाजूला छोटी पट्टी असते, तिच्यावर १२ए/१३ए किंवा एलपी लिहिलेलं असतं. आधीच्या शिक्षकाकडून जुनी शेगडी घेताना ही पट्टी आधी पाहा. गॅस सुरू करायला कंपनीचा माणूस घरी येतो आणि तेव्हा तुम्ही हजर असावं लागतं. मार्चअखेर ते एप्रिल घरं बदलण्याचा हंगाम, दिवस आधीच ठरवा.

दुसरी गोष्ट पोळीची. ऑक्टोबर २००८ पासून घरगुती शेगडीच्या प्रत्येक बर्नरच्या मधोमध तापमान मोजणारा दांडा असतो. भांडं सुमारे २५० अंशांवर गेलं की तो जाळ बारीक करतो किंवा विझवतो. त्यामुळे कोरडा तवा तापवला की भाकरीच्या ऐन वेळी गॅस मंदावतो. लोकांना वाटतं शेगडी बिघडली. बिघडलेली नसते. बहुतेक शेगड्यांना एका बर्नरपुरतं सेन्सर शिथिल करणारं बटण असतं, ते तीन सेकंद दाबून धरायचं. तरीही काही वेळाने जाळ उतरतोच.

थेट जाळावर फुलका फुगवायचा किंवा भरताचं वांगं भाजायचं तर 'कासेत्तो कोन्रो' घ्या, म्हणजे २५० ग्रॅमचा डबा बसणारी सुटी शेगडी. त्यात हा दांडा नसतो. पूर्ण जाळावर एक डबा साधारण तासभर पुरतो. मात्र डब्याच्या कप्प्यावर पसरेल इतका मोठा तवा कधीही ठेवू नका. उष्णता परतून डब्यावर येते आणि डबा फुटतो. दोन शेगड्या शेजारी लावून एकच मोठं पातेलं ठेवणं याच कारणासाठी जीवघेणं आहे. खिडकी उघडी ठेवा. वांगं तर शेगडीतल्या मासे भाजायच्या कप्प्यातही छान भाजतं, टोचे मारून ठेवा, मध्ये दोनदा फिरवा.

मिक्सर इथून नेऊ नका. तिथे घरात १०० व्होल्ट वीज. आपला २३० व्होल्टचा मिक्सर त्यावर गुरगुरतो, फिरत नाही, मोटर तापते. ७५० वॉटच्या मिक्सरला व्होल्टेज चढवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर सुरुवातीचा झटका धरून १५०० वॉटचा लागतो, तो कित्येक किलोंचा असतो आणि भिंतीवरचं सॉकेटच मुळी १५ अँपियरचं, म्हणजे १५०० वॉटचं. प्रेशर कुकर मात्र जरूर न्या, सपाट बुडाचा आणि इंडक्शनवरही चालेल असा, सोबत दोन जादा शिट्ट्या आणि गास्केट.


मृद्गंध

+१. मसाले आणि डाळींसाठी तोक्योत निशि-कासाइ आणि शिन-ओकुबो, लांबच्यांनी ऑनलाइन मागवावं. ज्वारीचं पीठ मिळतं. उन्हाळ्यात दमट हवेमुळे पिठाला कीड लागते, फ्रीजमध्ये ठेवा.

आता शाळेतलं जेवण (क्यूश्योकु). शाकाहारी मंडळींनी हे दोनदा वाचावं.

जेवण वर्गात मुलांसोबत, मुलंच वाढतात, सगळ्यांना एकच ताट आणि २०० मिलि दूध. पुढच्या महिन्याचा तक्ता (कोन्दाते) आधी मिळतो. अडचण दिसणाऱ्या मांसामाशाची नाही, न दिसणाऱ्याची आहे. मिसो सूप, भाज्यांचं शिजवण, पालकाची कोशिंबीर, सगळ्यांच्या मुळाशी 'दाशि' (उकळून काढलेला अर्क) असते. ती सुकवलेल्या बोनितो माशाची (कात्सुओ) किंवा छोट्या सुक्या माशांची (निबोशि). जपानी करीच्या तयार वड्यांत बहुधा गाय-डुकराची चरबी असते, ब्रेडमध्ये कधी लार्ड, जेलीत जिलेटिन. तक्त्यावर 'भाजी' लिहिलेल्या पदार्थात हॅमचे तुकडे असणं अगदी नेहमीचं.

'बेजितारियान' एवढं सांगून भागत नाही. बऱ्याच जणांना त्याचा अर्थ 'भाज्या जास्त खाणारा' असा वाटतो. सरळ वाक्य पाठ करा: 'निकु तो साकाना तो, साकाना नो दाशि वा ताबेरारेमासेन', म्हणजे मांस, मासे आणि माशांचा अर्क खाऊ शकत नाही. अंडं चालत नसेल तर 'तामागो मो' जोडा.

'अ‍ॅलर्जी आहे' असं मात्र सांगू नका. शाळेत अ‍ॅलर्जी हा वैद्यकीय विषय आहे. डॉक्टरांचा दाखला, वेगळं ताट, आणीबाणीची तयारी, सगळी यंत्रणा हलते, आणि ती खरोखर ज्या मुलांचा जीव धोक्यात असतो त्यांच्यासाठी आहे.

बरं पडतं ते असं: रुजू झाल्याच्या आठवड्यातच उपमुख्याध्यापकांना (क्योतो सेन्सेइ) सांगून पूर्ण सत्रासाठी जेवण बंद करायचं आणि डबा न्यायचा. एकेका दिवसाचं रद्द करणं जमत नाही, कारण सामान कितीतरी दिवस आधी मागवलेलं असतं. डबा वर्गातच, मुलांसोबत खा. पहिला आठवडा प्रश्नांचा भडिमार होतो, तोच इंग्रजीचा सगळ्यात चांगला तास.

वर्षअखेरच्या मेजवानीला (बोनेनकाइ) जायचं असेल तर ज्याच्याकडे व्यवस्था आहे त्याला (कान्जि) आठवडाभर आधी वरचं वाक्य चिठ्ठीवर लिहून द्या. ऐन वेळी सांगितलं तर स्वयंपाकघरालाही काही करता येत नाही.


सह्यकडा

मृद्गंधताई, अ‍ॅलर्जीचा मुद्दा लिहिलात हे फार बरं केलंत.

कुणीतरी वर्गातलं लिहा ना. बाकी सगळं शोधून सापडतं, हे सापडत नाही.


फळा_खडू

लिहितो सविस्तर.

आधी चौकट. तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तास, गुण नाहीत, ऐकणं-बोलणं. पाचवी-सहावीला ७० तास, विषय म्हणून, २०२० पासून. या चार वर्षांत मिळून ६०० ते ७०० शब्द. माध्यमिकला १४० तास आणि आणखी १६०० ते १८०० शब्द. प्राथमिकचा तास ४५ मिनिटांचा, माध्यमिकचा ५०. वर्ग चालवतो तो शाळेचा शिक्षक, प्राथमिकला बहुधा वर्गशिक्षक (तान्निन). एएलटी सहायक असतो आणि वर्गाची जबाबदारी कायद्याने त्याच्याकडे नसते. तरी कधी कधी सगळा तास तुमच्यावर सोडून शिक्षक मागे वह्या तपासत बसतात. त्यांना दोष देऊ नका, काय करायचं हे त्यांनाही कुणी नीट सांगितलेलं नसतं. उपाय म्हणजे तासाआधी हातात द्यायची चिठ्ठी. बैठकीला वेळ मिळत नाही, पाच मिनिटं मिळतात तीही जिन्यात. अर्ध्या पानावर तीनच ओळी: कोणतं पान, तुम्ही काय बोलायचं, मी कुठे थांबणार. मधली ओळ सगळ्यात कामाची. शिक्षकांना दोन वाक्यं ठरवून दिली की ते आपणहून पुढे येतात.

कंत्राटी कंपनीकडून (ग्योमु इताकु) गेलेल्यांनी लक्षात ठेवा, अशा करारात शाळेने थेट हुकूम देणं कायद्यात बसत नाही. तासाचा बदल कंपनीमार्फत यायला हवा. चिठ्ठी असेल तर माहिती आणि हुकूम यांतला फरक राखता येतो.

आता ती चूक जी आपल्याकडून हटकून होते. वही तपासताना बरोबर उत्तरावर आपण टिक करतो. जपानमध्ये टिक म्हणजे चूक. बरोबरला गोल (मारु), उत्तमला पाकळ्या काढलेलं फूल (हानामारु). वीस शब्द बरोबर लिहिलेल्या मुलाच्या वहीवर वीस टिका केल्या तर तो रडवेला होतो आणि घरी आईला वाटतं पोराला काहीच येत नाही. हात वळेपर्यंत पेनाला कागदाची पट्टी गुंडाळा, तिच्यावर गोल काढून ठेवा. लाल शाईने मुलाचं नाव लिहू नका, तेही अशुभ मानतात.

अक्षर: फळ्यावर जोडाक्षरी वळणदार इंग्रजी नको. मुलं सुटं अक्षर शिकतात. 'ए'चं छोटं अक्षर गोल आणि दांडी असंच, छापील पुस्तकातल्यासारखं डोक्यावर आकडा असलेलं नको.

रोमाजीचा (रोमन लिपीत लिहिलेल्या जपानीचा) घोटाळा. मुलं तिसरीत मातृभाषेच्या तासाला रोमन लिपी शिकत आली ती कुनरेई पद्धतीने, तिथे 'शि' हे एस-आय, 'चि' हे टी-आय आणि 'त्सु' हे टी-यू. इंग्रजीच्या तासाला आणि पासपोर्टवर हेपबर्न: एस-एच-आय, सी-एच-आय, टी-एस-यू. मुलाने स्वतःचं नाव कुनरेईत लिहिलं तर त्यावर चूक मारू नका. शेजारी दुसरं रूप लिहून दाखवा.

खेळ: कारुता (शब्द ऐकून त्याचा पत्ता झटकन उचलायचा) सगळीकडे चालतो, फसतोही सगळीकडे त्याच कारणाने. चौघांचा गट, मध्ये १६ चित्रपत्ते उघडे, हात डोक्यावर. शब्द दोनदा म्हणायचा, दुसऱ्यांदा संपेपर्यंत हात हलवायचे नाहीत. चुकीच्या पत्त्याला हात लागला (ओतेत्सुकि) तर एक डाव बाद. दोघांचे हात एकदम पडले तर जान्केन (दगड-कागद-कात्री). फसतो तो असा: गटातलं चपळ मूल बारा पत्ते उचलतं आणि उरलेली तिघं ऐकणंच सोडून देतात. म्हणून पत्ता उचलणाऱ्याने तो शब्द वाक्यात वापरला तरच पत्ता त्याचा, नाहीतर परत मध्ये. आणि आठ मिनिटांत खेळ थांबवायचा, कंटाळा येण्याच्या आधी. ३२ मुलांना आठ संच, म्हणजे १२८ पत्ते. ए४ जाड कागदावर नऊ-नऊ छापा, लॅमिनेट केल्यावर कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा झेपावणाऱ्या बोटाला लागतो. फळा लोखंडी असतो, चुंबक चिकटतात. चित्रांसाठी चुंबकी पट्टी शंभर येनच्या दुकानात मिळते.


गोदाकाठ

उच्चाराचं कसं? आपलं इंग्रजी मराठी वळणाचं. शाळेला चालतं का?


फळा_खडू

चालतं, पण काही ठिकाणी लक्ष द्यावं लागतं, कारण मुलं हुबेहूब उचलतात.

आपला ट-ड मूर्धन्य असतो, जीभ मागे वळते. इंग्रजीत ती दातांमागच्या हिरडीला लागते. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आपण एकाच 'व'वर भागवतो. 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठावर, 'डब्ल्यू'ला ओठ गोल, आरशात पाहून पक्कं करा. 'पेन'मधला 'प' हवेच्या फुंकरीसह: तोंडासमोर वीतभर अंतरावर कागदाची पट्टी धरायची, ती हलली पाहिजे. मुलांना ही पट्टी फार आवडते.

मुलांची अडचण वेगळी. जपानीत 'न' सोडला तर शब्द स्वरावरच संपतो, म्हणून 'डेस्क'चं 'देसुकु' होतं. एका ठोक्याचे तीन होतात. उपाय टाळीचा: 'डेस्क'ला एकच टाळी. मग शेवटचा 'क' नुसता श्वासात, बोट कंठावर ठेवून; कंठ थरथरला तर स्वर घुसला. ल आणि र त्यांना एकच ऐकू येतात. आधी ऐकून ओळखायला लावा, डावा हात की उजवा हात वर. बोलायला नंतर.

मराठी माणसाला एक देणगी आहे ती ओळखा. 'चमचा'तला दंत्य च म्हणजे जवळपास त्यांचा 'त्सु'मधला ध्वनी. हिंदीभाषकांना तो शिकावा लागतो, आपल्या तोंडात तयार आहे. काना (जपानी अक्षरं) वर्णमालेचा क्रमही अ-का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा, भारतीय वर्णमालेवरून गेलेला. क, च, त, प या वर्गांच्या चौकटीत बसवून पाहा, एका रविवारी हिरागाना (यातली रोजच्या लिखाणाची लिपी) पाठ होतो.


कोकणकडा

गाडी. गावातल्या शाळांना गाडीशिवाय गत्यंतर नसतं, एकेका एएलटीकडे तीन-तीन शाळा असतात.

भारतातला आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतो. मुदत उतरल्यापासून एक वर्ष किंवा परवाना संपेपर्यंत, जे आधी येईल ते. म्हणून व्हिसा मिळाल्यावर, निघायच्या शेवटच्या आठवड्यात तो आरटीओतून काढा. तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भारतात येऊन नवीन परवाना घेऊन गेलात तर तो चालत नाही.

वर्षाच्या आत जपानी परवान्यात रूपांतर (गाइमेन किरिकाए) करा. भारतीय परवाना मिळाल्यानंतर किमान तीन महिने भारतात राहिल्याचा पुरावा लागतो, तो पासपोर्टच्या शिक्क्यांवरून. जुना, रद्द झालेला पासपोर्टही सोबत न्या. परवान्याचं जपानी भाषांतर जाफ या मोटार संघटनेकडून. लेखी परीक्षा ऑक्टोबर २०२५ पासून ५० प्रश्नांची झाली आहे, ४५ बरोबर हवेत. पूर्वी दहाच प्रश्न होते, जुन्या सल्ल्यांवर विसंबू नका.

मैदानावरच्या चाचणीत आपले चालक नापास होतात ते गाडी येत नाही म्हणून नाही. कारणं ठरलेली: 'तोमारे' (थांबा) फलकाला चाकं पूर्ण थांबत नाहीत, डावीकडे वळण्याआधी गाडी डाव्या कडेला पुरेशी सरकवत नाहीत, सायकल घुसेल एवढी फट राहते, मागे वळून डाव्या खांद्यावरून पाहत नाहीत. नुसते डोळे फिरवून भागत नाही, परीक्षकाला मान वळलेली दिसली पाहिजे. वळणाआधी ३० मीटरवर सिग्नल, मार्गिका बदलण्याआधी ३ सेकंद. रेल्वे फाटकापुढे फाटक उघडं असलं तरी थांबायचं, रस्त्यावरही.


उत्तरेचा_वारा

तोहोकु, होक्काइदो, निइगाता या भागांत नेमणूक असेल तर हिवाळ्याचं.

घर गरम ठेवायला रॉकेल (तोयु) वापरतात. १८ लिटरचा प्लॅस्टिक डबा, पूर्वेकडे लाल, पश्चिमेकडे निळा. पेट्रोल पंपावर मिळतं. ३ किलोवॉटचा फॅन हीटर पूर्ण चालवला तर तासाला साधारण ०.३ लिटर पितो, म्हणजे एक डबा ६० तास. टाकी भरताना हीटर बंद. पेट्रोल चुकूनही नाही. पंपावर 'तोयु' असं स्पष्ट सांगा. तासातून एक-दोन वेळा खिडकी उघडा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मागच्या हिवाळ्यातलं उरलेलं रॉकेल वापरू नका, ते बिघडतं आणि वात खराब होते. फॅन हीटरला वीज लागते, म्हणून वीज गेल्यावर चालेल असा वातीचा साधा स्टोव्हही घरात असावा.

पारा शून्याखाली चारच्या आसपास गेला की नळ गोठून फुटतात. झोपण्याआधी 'मिझुनुकि': मुख्य झडप फिरवून पाणी बंद, मग घरातले सगळे नळ उघडून पाईप रिकामे. झडप कुठे आहे हे घर ताब्यात घेतानाच विचारून घ्या.


मृद्गंध

कचऱ्याचं थोडक्यात. नगर कार्यालयातून तक्ता घ्या, फ्रीजवर लावा. सकाळी ठरलेल्या वेळेआधी (बहुधा ८ किंवा ८.३०), आदल्या रात्री नाही, कावळे फाडतात. बाटलीचं झाकण आणि वेष्टन वेगळं, बाटली विसळून. बऱ्याच ठिकाणी नगरपालिकेच्याच पिशव्या लागतात. तळणीचं तेल मोरीत ओतू नका, वर्तमानपत्रात शोषून जळाऊ कचऱ्यात. टीव्ही, फ्रीज, एसी, वॉशिंग मशीन कचऱ्यात जात नाहीत, फी भरून द्यावे लागतात. जुन्या शिक्षकाकडून फुकट मिळालेला फ्रीज जाताना तुम्हालाच पैसे भरून काढावा लागतो, हे घेतानाच ध्यानात घ्या.


प्राजक्त

पैशांचं एक राहिलं. रहिवासी कर (जूमिन्झेइ) मागच्या वर्षाच्या जपानी मिळकतीवर, सुमारे १० टक्के, जूनपासून कापतात. पहिल्या वर्षी तो नसतो, दुसऱ्या जूनला पगार एकदम उतरतो. १ जानेवारीला जपानमध्ये पत्ता असेल तर त्या वर्षाचा कर लागू. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परतण्यापेक्षा डिसेंबरअखेर परतणं म्हणून स्वस्त पडतं.

निवृत्तिवेतनाचे पैसे: सहा महिने किंवा जास्त भरणा असेल तर देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत एकरकमी परतावा मागता येतो. नोकरदारांच्या योजनेत त्यातून २०.४२ टक्के कर कापतात. निघण्याआधी करविभागात जपानमधला कुणीतरी करप्रतिनिधी नेमून ठेवला तर तो मागून परत मिळवता येतो. पण थांबा: भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे आणि त्यात दोन्हीकडची वर्षं जोडता येतात. एकरकमी घेतलीत की जपानची ती वर्षं पुसली जातात. पुन्हा जपानला जायचा विचार असेल तर घाई करू नका.


गोदाकाठ

खूप आभार सगळ्यांचे. शेवटचा प्रश्न. तासाला असताना भूकंप झाला तर एएलटीने काय करायचं?


फळा_खडू

सूचना तुमच्याकडूनही जपानीतच द्या, इंग्रजी नको, त्या क्षणी मुलांना विचार करायला लावायचा नाही. 'त्सुकुए नो शिता!' (बाकाखाली), 'आतामा ओ मामोत्ते!' (डोकं सांभाळा). मुलं बाकाचे पाय दोन्ही हातांनी धरतात, बाक सरकू नये म्हणून. तुम्ही दाराजवळ असाल तर दार उघडं करा, चौकट वाकली की दार अडकतं. मग खिडकी, कपाट, टांगलेला टीव्ही यांपासून दूर, खाली बसा आणि डोकं झाका.

हादरे थांबल्यावर ध्वनिक्षेपकावर सूचना येईपर्यंत कुणीही उठायचं नाही. बाहेर पडताना वर्गातले बूट (उवाबाकि) बदलायचे नाहीत, तसेच मैदानात. मुलांना नियम पाठ असतात, 'ओ-का-शि-मो': ढकलायचं नाही, धावायचं नाही, बोलायचं नाही, परत फिरायचं नाही. मैदानावर वर्गशिक्षक मुलं मोजतात. तुम्ही ज्या वर्गासोबत बाहेर आलात त्याच रांगेच्या शेवटी उभे राहा आणि तुमचं नाव क्योतो सेन्सेइंना मोठ्याने सांगा. एएलटी आज कोणत्या शाळेत आहे हे पुष्कळदा कचेरीच्या फळ्यावर लिहिलेलं नसतं, आणि मग तुम्हाला शोधायला कुणीतरी इमारतीत परत जातं. म्हणून रोज सकाळी आल्याबरोबर त्या फळ्यावर आपलं नाव आणि तास स्वतः लिहीत चला.